डाव्या कोपऱ्यातला अंधार

मास्तर गेले आणि बघता बघता जो तो मास्तरांचा जाणकार झाला. हयातीत ज्यांनी त्यांच्या प्रदर्शनाला येऊन फक्त पंख्याखालची खुर्ची पकडली, ते आता ‘मास्तरांचा करडा समुद्र’ या विषयावर घसा कोरडा पडेपर्यंत बोलायला लागले. मास्तरीणबाई ऐकायच्या, हं हं करायच्या आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच आपटायच्या.

मास्तर समुद्राचे फोटो काढायचे. खडक, पाणी, आभाळ, बस. माणूस नाही, होडी नाही, पक्षी आलाच तर तो त्याच्या जबाबदारीवर. फोटोग्राफीची शिकवणी घ्यायचे म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, आणि त्या हिशेबानं बाई मास्तरीणबाई झाल्या. त्यांना स्वतःचं एक नाव आहे, चांगलं आईबापांनी हौसेनं ठेवलेलं, हे बँकेला आणि लेकीला सोडून कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं.

तर त्या दिवशी सकाळी घरातल्या कामाच्या खोलीत चार माणसं दाटीवाटीनं बसली होती. खोली कसली, खोका. भिंती करड्या, खिडकीला जाड काळा पडदा. रंगीत भिंतीची झाक संगणकाच्या पडद्यावरच्या फोटोत शिरते म्हणून बाईंनी स्वतः शिडीवर चढून तो करडा रंग मारला होता, आणि शेजारणीनं तेव्हा विचारलं होतं, रंगाला पैसे कमी पडले का हो? मॉनिटरला तिन्ही बाजूंनी पुठ्ठ्याची झापड होती, बुटांच्या खोक्याची. तीही बाईंनीच केलेली.

खुर्चीत बसला होता मास्तरांचा लाडका शिष्य. शिष्य म्हणजे काही पोरगेला नव्हे, टक्कल पडलेला, स्वतःचा स्टुडिओ असलेला बाप्या. त्याच्या मागे दीर, म्हणजे मास्तरांचे धाकटे भाऊ. मास्तरांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या प्रदर्शनाची सगळी जुळवाजुळव त्यांनी अंगावर घेतली होती आणि ते जिथे उभे राहतील तिथे आपोआप सभा सुरू व्हायची. दाराशी स्टुलावर लेक. आणि बाई पलंगाच्या कडेवर, हात मांडीवर घट्ट धरून.

शिष्यानं कॅमेऱ्यातलं कार्ड लावलं. मास्तरांनी काढलेला शेवटचा फोटो, कुणीही न पाहिलेला. प्रदर्शनाची शेवटची भिंत त्याच्यासाठी मोकळी ठेवली होती. दुपारी तो छपाईला गेला तर वेळेत लागणार, नाहीतर नाही.

फाइल उघडली. पडदा काळाठिक्कर.

“हे काय आहे?” दीर म्हणाले.

“समुद्र,” शिष्य म्हणाला.

“कुठे?”

शिष्यानं पडद्यावरचा उजेड कमीजास्त करायचा सरकता खटका धरून उजवीकडे ओढला. काळोखातून काहीतरी वर आलं खरं, पण त्याबरोबर खडकांवरचा फेसही असा उफाळला की जणू कुणीतरी पाटीभर चुना ओतला. आभाळात डाग, सगळीकडे रव्यासारखी कचकच. त्यानं खटका मागे नेला, पुढे नेला, मान हलवली आणि चष्मा काढून पुसत बसला. चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

“शेवटी शेवटी हात थरथरत होता मास्तरांचा,” तो हळूच म्हणाला. “उजेडाचा अंदाज चुकला. वय झालं की चुकतो. आपण नको लावायला हा. त्यांनाच कमीपणा येईल.”

तो हे मायेनं बोलला, आणि म्हणूनच बाईंना ते जास्त झोंबलं. कुणी कुचकटपणे बोललं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे झाडलं असतं. मायेला काय झाडणार?

दिरांनी मात्र लगेच सभा सुरू केली. “मग तिथे दादाचाच मोठा फोटो लावू. हसरा. आणि भाषणात मी सांगतो, की शेवटी शेवटी नजर साथ देत नव्हती, हात ऐकत नव्हता, तरीही हा माणूस किनाऱ्यावर जात राहिला. लोकांना गलबलून येतं अशानं.”

“काय येतं?” बाई म्हणाल्या.

“गलबलून.”

“नजर साथ देत नव्हती, असं तुम्ही चारचौघांत सांगणार?”

“वहिनी, चांगल्या अर्थानं.”

“चांगला अर्थ गेला खड्ड्यात.” बाई उठल्या. “शिष्योत्तम, खुर्ची सोडा.”

“आई, राहू दे ना गं,” लेक म्हणाली. “त्रास होईल तुला.”

“त्रास होतोच आहे. बसून होतोय तो उभं राहून होऊ दे.”

शिष्य उठला. बाई बसल्या, खुर्चीचा दांडा ओढून ती बोटभर खाली घेतली, उशी पाठीमागे सरकवली. ते सगळं इतकं सरावाचं होतं की शिष्यानं एकदा खुर्चीकडे आणि एकदा बाईंकडे बघितलं. मग त्यांनी त्यानं केलेलं सगळं पुसलं आणि पडदा पुन्हा काळा केला.

“वर कोपऱ्यात तो उजेडाचा आलेख दिसतो ना? डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. काळ्याचा डोंगर डावीकडे जमलाय, म्हणून तुम्ही म्हणालात चुकला. आता डोंगर सोडा. ती बारीक शेपटी बघा, उजवीकडे गेलेली. कुठे थांबलीय?”

शिष्य वाकला. “कडेच्या अलीकडे.”

“किती अलीकडे?”

“अगदी... केसभर.”

“ती शेपटी म्हणजे फेस. शेपटी कडेला धडकली की फेस मेला, त्यातलं पाणी काही केल्या परत येत नाही. आणि ह्यांनी तो कडेच्या केसभर अलीकडे आणून थांबवलाय. उजाडायच्या आधी, वाऱ्यात, हलत्या लाटेवर. थरथरणाऱ्या हाताला जमेल हे? तुमच्या तरण्याताठ्या हातानं करून दाखवा बघू.”

शिष्यानं पुन्हा आलेखाकडे बघितलं. तो हुशार होता, त्याच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली होती. “पण मग बाकीचं? खडक, वाळू, सगळं अंधारात...”

“अंधारात ठेवलं. माझ्यासाठी.”

बोलल्या त्या, आणि बोलून झाल्यावर बाईंच्या लक्षात आलं की आपले कान तापलेत. इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं वाक्य होतं ते.

गोष्ट साधी होती. लग्न झालं तेव्हा घरात फोटो धुवायची डार्करूम होती आणि मास्तरांच्या हातांना तिथली रसायनं सोसायची नाहीत. बोटांवर फोड यायचे, कातडी सोलायची. तेव्हा कागद बुडवायला बाई उभ्या राहिल्या. आधी नुसत्या बुडवायच्या. मग त्यांच्या लक्षात आलं की कागदावर उजेड पडत असताना तळहात मध्ये धरला की तेवढा भाग उजळ राहतो, आणि बोटांच्या फटीतून उजेड जास्त वेळ पडू दिला की तिथला काळोख दाटतो. मग त्यांना त्यात गोडी लागली. मास्तर किनाऱ्यावरून जे आणायचे तो कच्चा माल. त्यातून कुठला खडक पुढे काढायचा, कुठलं आभाळ दाबायचं, पाण्यातला निळा किती काढून टाकायचा की तो करडा होतो पण मेलेला दिसत नाही, हे सगळं बाईंचं. कॅमेरे बदलले, डार्करूम गेली, संगणक आला. हात तेच राहिले. मास्तरांनाही ते ठाऊक होतं, म्हणून तर ते फेस सांभाळून बाकीचं जग बिनधास्त काळोखात सोडायचे. घरी काढणारी आहे ना.

आणि फोटोखाली नाव? नाव एकाचं.

“मास्तर वर्गात कधी संगणकाला हात लावायचे नाहीत,” शिष्य स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “म्हणायचे, ते काम घरी होतं. आम्हाला वाटायचं, घरी म्हणजे एकटे बसून करत असतील.”

“एकटे बसून ते क्रिकेट बघायचे,” बाई म्हणाल्या.

लेकीला हसू आलं आणि तिनं ते पदराआड करावं तसं ओढणीत लपवलं. तिला इतकंच माहीत होतं की आई बाबांना मदत करते. मदत म्हणजे फाइली लावणं, धूळ पुसणं असंच काहीतरी ती समजून होती.

“वहिनी,” दीर आता खाली बसले. बसून बोलायला लागले म्हणजे मामला गंभीर. “आपण घरातले आहोत म्हणून सांगतो. हे बाहेर काढू नका. दादा गेला. आता लोक म्हणणार, फोटो बायको करायची आणि मिरवायचा हा. त्याची आयुष्यभराची अब्रू जाईल.”

“माझी आयुष्यभराची काय गेली, ते विचारलं कुणी?”

“तुम्हाला कधी हौस नव्हती नावाची.”

“हे तुम्हाला कुणी सांगितलं? ह्यांनी?” बाई खुर्चीसकट वळल्या. “हौस होती. चांगली होती. भांडलेय मी ह्यांच्याशी, ताट सारून उठलेय. पुढच्या प्रदर्शनात सांगू म्हणायचे. पुढचं आलं की पुढच्या. शेवटी मीच म्हटलं, जाऊ दे, नवरा आपलाच आहे. पण जाऊ दे म्हटलं म्हणजे गेलं नाही, भाऊजी. ते इथे बसलंय.” त्यांनी गळ्याशी हात नेला. “आणि आता त्याच माणसाला तुम्ही आंधळा ठरवून गलबलायला निघालात. माझं नाव लपवायला त्यांचा डोळा बळी द्यायचा? हे मी होऊ देणार नाही. बसायचं तर बसा, नाहीतर चहा ठेवा.”

दीर बसले.

बाई पडद्याकडे वळल्या. पहिल्यांदा क्षितिज. ते उजवीकडे किंचित उतरलं होतं. “समुद्र सांडतोय,” त्या पुटपुटल्या आणि ते सरळ केलं. मग आभाळातले डाग, कॅमेऱ्यात शिरलेल्या धुळीचे, एकेक टिपून काढले. तांदूळ निवडताना हात चालावा तसा त्यांचा हात चालत होता. मग रंग. फाइलीत सगळीकडे निळसर गारठा होता. त्यांनी तो पूर्ण घालवला नाही, थोडा ठेवला. त्या सकाळी खरंच गारठा होता.

ती सकाळ त्यांना अजून अंगावर आठवत होती. दोघं पहिल्या बसनं गेली होती. कॅमेऱ्याची तिवई बाईंच्या खांद्यावर, कारण मास्तरांना आता चढ चढताना धाप लागायची. खडकांपाशी पोचल्यावर त्यांनी बोट दाखवून सांगितलं, तू तिकडे बस, त्या डावीकडच्या खडकाला टेकून, वारा लागणार नाही. बाईंनी विचारलं होतं, मी फोटोत येईन ना? तर म्हणाले, नाही येत गं, बस तू. बाई बसल्या आणि बसल्या बसल्या थर्मासमधून चहा ओतत त्यांनी बोलणी सुरू केली होती, की डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना माणसानं इतका हट्ट करू नये. मास्तर हसत होते आणि कॅमेऱ्यामागे काहीतरी खुडबूड करत होते.

आता फेस. त्याला त्यांनी हातही लावला नाही, फक्त वरची चमक थोडी उतरवली, तशी त्यातली पाण्याची जाळी उमटली. शिष्याच्या तोंडून “अरे!” निघालं. मग अंधार. एकदम नाही. आधी मधले खडक, मग ओली वाळू, मग उजवीकडचा पडका धक्का. काम करताना बाई मध्येच डावा तळहात मॉनिटरसमोर धरायच्या, बोटं थोडी वाकवून, आणि त्याच्या कडेनं बघायच्या. पडद्यावर त्याचा काडीचा उपयोग नव्हता. जुनी खोड. पण हात काढला की त्या माउसनं तिथेच उजेडाचा ब्रश फिरवायच्या.

“थोडे दाणे दिसतायत काळ्यात,” शिष्य म्हणाला.

“दिसू देत. घासून गुळगुळीत केलं की खडक साबणाच्या वड्या दिसतात.”

दीरही नकळत पुढे सरकले होते. पडद्यावर मास्तरांचा समुद्र आला होता, तो प्रसिद्ध करडा, ज्याच्यावर लोक घसे कोरडे करत होते. फक्त डावा खालचा कोपरा राहिला होता, काळाभोर.

तो बाई नेहमीच शेवटी उघडायच्या. त्याला काही कारण नव्हतं, उजव्या हाताची सवय. मास्तर त्याला “तुझा कोपरा” म्हणायचे. तुझा कोपरा झाला का, म्हणजे फोटो झाला का.

बाईंनी ब्रश मोठा केला आणि कोपरा उजळायला घेतला. खडकाची धार आली. धारेखाली एक खोबण आली. खोबणीत काहीतरी फिकट. बाईंना वाटलं प्लास्टिकची पिशवी अडकलीय. आणखी थोडा उजेड दिला.

शाल होती. शालीत बाई होत्या.

खडकाला टेकून, एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात झाकण, चहा ओतायचा थांबवून थेट कॅमेऱ्याकडे बघत. चेहऱ्यावर असा वैताग की फोटोतूनही ऐकू यावा. समुद्राच्या मानानं एवढ्याशा, पण स्पष्ट.

बाईंचा हात माउसवरून उचललाच गेला.

“आई, तू आहेस ती,” लेक म्हणाली.

“मला दिसतंय.”

दिरांना आता सूर सापडला. “चुकून आल्यात वहिनी. काही हरकत नाही, एवढं पुसून टाका. दादाच्या फोटोत माणूस नसतो. लोकांना खटकेल.”

“पुसता येईल,” शिष्य म्हणाला, पण त्याचा आवाज बदलला होता. “बाजूचा खडक ओढून घेतला की... कळणारही नाही.” त्यानं माउसला हात लावला नाही.

बाई अजून पडद्याकडेच बघत होत्या. डोळे भरले होते आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला होता. ज्या माणसानं जन्मभर “सरक तिकडे, सावली येतेय, शालीचं टोक येतंय” म्हणून त्यांना चौकटीबाहेर हाकललं, कॅमेऱ्याला डोळा न लावता जो नुसतं बोटानं हवेत चौकटीची कड दाखवायचा आणि ती कधी इकडची तिकडे व्हायची नाही, तो माणूस ‘नाही येत’ म्हणाला होता. धडधडीत खोटं बोलला होता. आणि ठेवलं कुठे, तर जिथे दुसरं कुणी कधी उजेड पाडणार नाही तिथे.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “मी चुकून आले म्हणता?”

“अर्थात.”

“म्हणजे चौकट कुठे संपते हे तुमच्या दादाला कळलं नाही. म्हणजे अंदाज चुकला. म्हणजे फेस केसभरावर थांबवणारा माणूस बायको कुठे बसलीय ते विसरला.”

“तसं नाही...”

“मग मुद्दाम घेतली. तिसरं काही असेल तर सांगा. चुकून म्हणायचं तर उद्या भाषणात म्हणा, दादा संपला होता. मुद्दाम म्हणायचं तर मला पुसायचा अधिकार तुम्हालाही नाही आणि मलाही नाही.”

दिरांनी लेकीकडे बघितलं. लेक स्टुलावरून उठून आईच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि काकांना म्हणाली, “काका, चहा मी ठेवते. पण आई फोटोत राहणार.”

शिष्यानं फोन काढला. छपाईवाल्याला फाइल येतेय म्हणून कळवलं आणि मग घसा खाकरला. “बाई, फोटोखालच्या पाटीवर काय लिहायचं?”

“फोटो ह्यांनी काढला. तो मी पूर्ण केला. दोघांची नावं लिहा, सारख्या अक्षरात. माझं वर-खाली कुठेही टाका, पण नाव टाका. मास्तरीणबाई नव्हे. माझं.”

शिष्य थांबला. त्याचा अंगठा फोनवर अडला होता आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “बाई, रागावू नका. तुमचं नाव... मला माहीत नाही.”

“माहीत नाहीच. विचारलं कधी?” बाईंनी नाव सांगितलं. त्यानं ते लिहिलं, आणि बरोबर लिहिलंय का ते त्यांना दाखवलं.

“आणि बाकीच्या फोटोंच्या पाट्या? त्या छापून आल्यात.”

“परत छापा.”

“वहिनी, लोक विचारतील,” दीर म्हणाले. आता त्यांच्या आवाजात सभा नव्हती, नुसती काळजी होती. “काय सांगायचं?”

“तुम्ही काही सांगू नका. मी दारातच उभी राहणार आहे. ज्याला विचारायचंय त्यानं मला विचारावं. आणि ह्यांचा अंदाज चुकला असं कुणी म्हणालं, तर त्याला धरून माझ्याकडे आणा.”

लेक चहा ठेवायला गेली. दीर तिच्यामागे गेले. कपबशा कुठे असतात हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच विचारावं लागलं. शिष्य मात्र तिथेच उभा राहून बघत होता.

बाईंनी डोळे पुसले, नाक ओढलं आणि पुन्हा माउस धरला. “सांगायचं होतं तर तोंडानं सांगायचं होतं,” त्या पडद्याला म्हणाल्या. “अशानं भागत नाही. पण असू दे.”

मग त्यांनी डावा तळहात मॉनिटरसमोर धरला, बोटं थोडी वाकवली, कडेनं बघितलं आणि त्या खालच्या कोपऱ्यावर आणखी एकदा उजेड फिरवला.